सहा भोकांचा दगड



हा दगड ना देवळातला, ना किल्ल्यावरचा. इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या बाहेर, पायवाटेच्या कडेला, गवतात तो पडलेला आहे. बुटका, ओबडधोबड, पावसाने काळवंडलेला. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या पाठीवर सहा भोकं दिसतात. भोकांच्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत. साडेतीनशे वर्षांत किती मुलांनी त्यांत बोटं घातली असतील कोण जाणे! आजही तिथे येणारे लोक त्या भोकांमध्ये एखादं नाणं ठेवून जातात.

नाणं का? आणि दगडाला भोकं पाडली कोणी? तेच तर सांगायचंय. पण त्याआधी गाव पाहू या.

गावाचं नाव इंग्रजीत लिहितात ते वाचलंत तर तुम्ही ‘एयाम’ म्हणाल. तिथले लोक मात्र म्हणतात ‘ईम’. इंग्रजी स्पेलिंगच्या खोड्या तुम्हाला ठाऊकच आहेत, त्यातलीच ही एक. नकाशावर इंग्लंडचा मध्यभाग काढा. शेफील्ड शहर सापडलं का? चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं ते. त्याच्या नैर्ऋत्येला, वीसेक किलोमीटरवर डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हे ईम आहे. या भागाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. १९५१ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते इथेच. उद्यान म्हटल्यावर वाघ-हरणं डोळ्यांसमोर आणू नका हं! इथे उद्यानातच गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत आणि शेतांच्या मधून मैलोन् मैल चुना न लावता रचलेले दगडी बांध आहेत.

ईमची वस्ती आज हजाराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एक लहानसं गाव. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, मधोमध चर्च. चर्चच्या अंगणात हजारेक वर्षांहून जुना, नक्षीकाम केलेला दगडी क्रूस उभा आहे. भिंतीवर १७७५ सालचं एक सूर्यघड्याळ आहे. गावाच्या मधल्या हिरवळीवर लाकडी खोडा आहे. जुन्या काळी गुन्हेगाराचे पाय त्यात अडकवून त्याला सगळ्यांसमोर बसवत. गावाखालच्या डोंगरात शिसं सापडायचं. त्यामुळे रोमन लोकांच्या काळापासून या भागात खाणी होत्या आणि खाणवाल्यांची भांडणं सोडवायला ‘बारमोट’ नावाचं त्यांचं स्वतंत्र न्यायालय होतं. पुढे इथे कापड विणलं गेलं, जोड्यांचे कारखाने निघाले, तेही बंद पडले. अशी गावं इंग्लंडात शेकड्यांनी सापडतील. पण त्यांच्यातलं एकच गाव जगाच्या इतिहासात गेलं, ते १६६५ साली आलेल्या एका पेटीमुळे.

ती पेटी लंडनहून आली.

त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगने हाहाकार उडवला होता. वर्षभरात तिथली एक लाखाच्या आसपास माणसं मेली, असा अंदाज आहे. ईम लंडनपासून दूर, जवळजवळ अडीचशे किलोमीटर. त्या काळी घोडागाडीने कित्येक दिवसांची वाट. तेव्हा ईममधले लोक आपापल्या कामात होते. गावजत्रा जवळ आली होती. ‘वेक्स’ म्हणतात तिला. आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेला नवे कपडे शिवतात की नाही, तसंच तिथेही. गावचा शिंपी होता अलेक्झांडर हॅडफील्ड. त्याने लंडनहून कापड मागवलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस पेटी आली. शिंप्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज व्हिकर्सने ती उघडली. कापड दमट झालेलं निघालं. मग त्याने काय केलं असेल? तुमच्या आईने केलं असतं तेच. कापड उलगडलं आणि शेकोटीसमोर वाळत घातलं. परंपरेने सांगतात ती हकिकत अशी, की कापडाच्या घडीत लंडनच्या पिसवा दडून बसल्या होत्या. ऊब लागताच त्या जाग्या झाल्या.

७ सप्टेंबर १६६५ रोजी जॉर्ज व्हिकर्सला पुरल्याची नोंद चर्चच्या वहीत आहे. पंधरा दिवसांत त्याच घरातला लहानगा एडवर्ड कूपर गेला. मग शेजारचं घर. मग समोरचं. ताप, डोकेदुखी, काखेत आणि जांघेत टणक गाठी. डिसेंबर संपेपर्यंत गावातली चाळीसहून अधिक माणसं गेली होती.

थंडी वाढली तसा रोग मंदावला. लोकांना वाटलं, सुटलो. वसंत ऋतू आला, झाडांना पालवी फुटली. आणि जूनमध्ये पुन्हा एकापाठोपाठ एक माणसं आजारी पडू लागली.

आता इथे दोन माणसांची ओळख करून द्यायला हवी. एक विल्यम मॉम्पेसन. हा गावचा नवा धर्मगुरू. वय जेमतेम अठ्ठावीस. बायको कॅथरीन आणि दोन लहान मुलं घेऊन तो १६६४ मध्ये इथे आला होता. गावाला तो फारसा आवडत नव्हता. का? तर त्याच्या आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली गावाचे लाडके होते. सरकारने ठरवून दिलेली प्रार्थनेची नवी पद्धत त्यांनी मानली नाही, म्हणून त्यांची जागा गेली. ते अजून इथेच राहत होते आणि बरेचसे लोक त्यांचंच ऐकत. दोघांचे पंथ वेगळे, राजकारण वेगळं. एका गावात दोन पुढारी असले की काय होतं, हे तुमच्या आईबाबांना विचारा!

पण जून १६६६ मध्ये हे दोघं एकत्र बसले. एकट्या मॉम्पेसनने सांगितलं असतं तर गावाने ऐकलं नसतं. एकट्या स्टॅन्लींना अधिकार नव्हता. दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी मांडल्या.

पहिली, चर्चच्या दफनभूमीत आता कोणाला आणायचं नाही. ज्याने त्याने आपल्या माणसाला आपल्याच परसात किंवा शेतात, लवकरात लवकर पुरायचं. त्या काळच्या श्रद्धाळू लोकांना हे किती जड गेलं असेल! दुसरी, चर्चला कुलूप. रविवारची प्रार्थना गावाबाहेर ककलेट डेल्फ नावाच्या दरीत, उघड्यावर. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबापासून लांब उभं राहायचं. (२०२० साली किराणा दुकानासमोर रंगवलेल्या गोलात उभे राहिला होतात, आठवतं? अगदी तसंच!)

आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. गावाची सीमा ओलांडून कोणीही बाहेर जायचं नाही. रोग थांबेपर्यंत.

जरा थांबा आणि याचा अर्थ काय होतो ते पाहा. प्लेग कशाने होतो हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. दूषित हवेने होतो, देवाच्या कोपाने होतो, असं मानत. पळून जाणं हाच एक उपाय लोकांना ठाऊक होता. श्रीमंत लोक पळतही होते. ईममधली एक-दोन सधन घरं आधीच निघून गेली होती. शेफील्डला नातेवाईक असलेला माणूस रात्रीत निघून जाऊ शकत होता. पण त्याच्या कपड्यांतून, सामानातून रोगही शेफील्डला जाण्याची भीती होती. आणि राहिलं तर? राहिलं तर बहुधा मरण.

गाव राहिलं.

सगळे खुशीने राहिले असतील का? मला नाही तसं वाटत. काहींनी धर्मगुरूच्या शब्दाखातर, काहींनी जायला ठिकाण नाही म्हणून, तर काहींनी बाहेरच्या लोकांच्या भीतीने पाय मागे घेतला असेल. एक बाई बाजारासाठी जवळच्या टाइड्झवेल गावी गेली, तर ती ईमची आहे हे ओळखून लोकांनी आरडाओरडा करत, चिखल नि हाताला येईल ते फेकून तिला पळवून लावलं, अशी आठवण सांगतात. आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. खुद्द मॉम्पेसनने आपली दोन्ही मुलं आधीच यॉर्कशायरला पाठवली होती. त्याची चूक झाली का? तुम्हीच ठरवा, आणि घरच्यांना विचारून पाहा. कॅथरीनलाही त्याने जा म्हटलं होतं. ती गेली नाही.

आता गावात कोंडून घ्यायचं म्हणजे खायचं काय? इथे आपला दगड येतो.

जवळच चॅट्सवर्थ नावाचा भला मोठा वाडा आहे. तिथे डेव्हनशायरचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, राहत होता. गाव स्वतःला कोंडून घेत असेल तर अन्न-औषध मी पुरवीन, असं त्याने कळवलं. शेजारच्या गावांनीही मदत केली. सीमेवर ठिकाणं ठरली. ईम आणि स्टोनी मिडल्टन या गावांच्या मधला हा दगड त्यांतलंच एक. बाहेरचे लोक भाकरी, मांस, लागेल ते सामान दगडापाशी ठेवत आणि निघून जात. ते दिसेनासे झाले की ईमचा माणूस येऊन सामान उचलायचा. पैसे? ते दगडाच्या भोकांत. भोकांमध्ये व्हिनेगर ओतलेलं असे. त्या आंबट पाण्यात नाणी बुडवली की रोग धुऊन जातो, अशी समजूत होती. जंतू हा शब्दही त्यांना माहीत नव्हता, पण नाण्यावरून काहीतरी जातं एवढं त्यांनी ओळखलं होतं! गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक झरा आहे. तिथे नाणी वाहत्या पाण्यात ठेवत. त्या झऱ्याला आजही मॉम्पेसनची विहीर म्हणतात.

उन्हाळा कडक होता. जुलैमध्ये पन्नासहून जास्त माणसं गेली, ऑगस्टमध्ये सत्तरहून जास्त. म्हणजे दिवसाला दोन-तीन.

गावाच्या टोकाला, टेकडीवर रायली नावाचं शेत होतं. तिथे एलिझाबेथ हॅन्कॉक नवरा आणि मुलांसह राहत होती. ३ ऑगस्टला तिची दोन मुलं गेली. मग आणखी. आठ दिवसांत तिने सहा मुलं आणि नवरा असे सात जण स्वतःच्या हाताने पुरले. मदतीला कोणी येऊ शकत नव्हतं. तोंडाला फडकं बांधून, पायाला कापड बांधून ती एकेकाला ओढत न्यायची, असं सांगतात. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडल्टनचे लोक हे पाहत होते. ती स्वतः आजारी पडली नाही. तिचा एक मुलगा शेफील्डला काम शिकायला होता, तो तेवढा वाचला. पुढे ती त्याच्याकडे निघून गेली. रायलीच्या शेतात त्या सात जणांच्या नावांचे दगड आहेत, भोवती गोल दगडी कुंपण आहे. मधे चरणाऱ्या मेंढ्या आणि दूरवर दिसणारी दरी. बाकी काही नाही.

एवढं दुःख सांगितल्यावर जरा वेगळी गोष्ट सांगतो. तीही याच गावातली.

मार्शल हाऊ नावाचा एक धिप्पाड गडी होता. त्याला प्लेग झाला आणि तो चक्क बरा झाला. ‘आता मला काही होत नाही’ असं म्हणून त्याने, ज्यांच्या घरी पुरायला कोणी उरलं नाही अशांना पुरायचं काम अंगावर घेतलं. फुकट नाही हं! मेलेल्याच्या घरातलं जे आवडेल ते तो उचलून न्यायचा. एकदा तर खड्डा खणून तयार झाला, अन्विन नावाच्या ‘मेलेल्या’ माणसाला तो ओढत जिन्यावरून खाली आणू लागला, तर तो माणूस डोळे उघडून प्यायला काहीतरी मागू लागला! तो पुढे जगलाही म्हणे. हाऊला मात्र आपल्या लोभाची किंमत मोजावी लागली, असं गावकरी म्हणत, कारण त्याची बायको आणि मुलगा दोघंही त्याच साथीत गेले. नंतर कित्येक वर्षं ईममधल्या आया हट्ट करणाऱ्या पोरांना मार्शल हाऊची भीती घालायच्या. आपल्या बागुलबुवासारखी.

मार्गारेट ब्लॅकवेलची गोष्ट तर याहून मजेदार. ती तापाने फणफणली होती. भावाने न्याहारीसाठी डुकराचं मांस तळलं, उरलेली गरम चरबी एका भांड्यात ओतून ठेवली आणि तो कामाला गेला. मार्गारेटला तहान अनावर झाली. तिने दूध समजून ती चरबी घटाघटा प्यायली आणि बरी झाली! चरबीने प्लेग बरा होत नाही, तेव्हा कोणी प्रयोग करू नका. पण जी वाचली तिला ‘कशी वाचलीस?’ असं सगळेच विचारणार. तिने जन्मभर हेच उत्तर दिलं.

कॅथरीन मॉम्पेसन मात्र वाचली नाही. नवऱ्याबरोबर घरोघरी फिरून ती आजाऱ्यांची सेवा करत होती. २५ ऑगस्टला ती गेली, वय सत्तावीस. तिला मात्र चर्चच्या अंगणात जागा मिळाली. आईची बातमी मुलांना कळवण्यासाठी मॉम्पेसनने लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. आपणही आता जगणार नाही, अशी त्याची खात्री झालेली होती.

पण तो जगला. १ नोव्हेंबर १६६६ रोजी एब्राहम मॉर्टन नावाचा माणूस गेला, आणि त्यानंतर कोणी नाही. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली होती. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की गावात साडेतीनशे लोक होते आणि ८३ उरले. नंतरच्या अभ्यासकांनी घरपट्टीसारख्या जुन्या करांच्या याद्या चाळल्या, तेव्हा गावची वस्ती त्याच्या दुप्पट असावी असं दिसलं. तसं धरलं तरी तीन माणसांतलं एक गेलं. वर्गात साठ मुलं असतील तर वीस बाकं रिकामी.

आणि शेजारची गावं? स्टोनी मिडल्टन, बेकवेल, शेफील्ड? ईममधून रोग तिथे पसरला नाही.

मॉम्पेसनने स्वतःचे कपडे, अंथरुणं जाळून टाकली आणि गावालाही तसंच करायला लावलं. काही वर्षांनी त्याची बदली नॉटिंगहॅमशायरमधल्या ईक्रिंग गावी झाली. तिथले लोक काय म्हणाले असतील? ‘प्लेगवाला माणूस आमच्या गावात नको!’ बिचाऱ्याला सुरुवातीला गावाबाहेर एका झोपडीत राहावं लागलं आणि झाडाखाली उभं राहून प्रवचन करावं लागलं. २०२० मध्ये दवाखान्यातून काम करून घरी येणाऱ्या परिचारिकांना काही ठिकाणी असाच अनुभव आला होता. स्टॅन्ली ईममध्येच राहिले आणि १६७० मध्ये तिथेच वारले.

आता थोडं विज्ञान. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये, हाँगकाँगला. अलेक्झांद्र यर्सँ नावाच्या डॉक्टरने तो शोधला. पण तो उंदराकडून माणसाकडे येतो कसा? ते कोडं सुटलं १८९८ मध्ये, आणि तेही त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, कराचीला! पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात आणि रोग पुढे नेतात. त्याच्या आधीच, १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःला. परळची हाफकिन संस्था तुम्ही ऐकून असाल, ती त्यांच्याच नावाची.

ही साथ आपल्या महाराष्ट्रात १८९६ पासून होती. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, त्यांनी त्यांच्या आजीकडून ‘उंदीर पडला’ हे शब्द ऐकले असतील. घरात उंदीर मरून पडला की गाव उठायचं. लोक रानात, शेतात झोपड्या बांधून राहायचे आणि साथ गेल्यावर परतायचे.

म्हणजे बघा, आपल्या लोकांनी नेमकं उलटं केलं. ते गाव सोडून निघाले, पण गर्दीच्या शहरात न जाता मोकळ्या रानात गेले. उंदीर, पिसवा मागे राहिल्या. ईममध्येही लोकांना गावात कोंडण्याऐवजी माळावर झोपड्या बांधून ठेवलं असतं, तर पुष्कळ जण वाचले असते, असं काही डॉक्टरांनी नंतर लिहिलं. हे म्हणणं मला पटतं, पण पूर्ण नाही. कारण २०१६ मध्ये दोन संशोधकांनी ईमच्या चर्चमधली मृत्यूंची वही घेतली, कोणत्या घरातलं माणूस कधी गेलं ते मांडलं आणि गणित केलं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे तिथले चारापैकी तीन रोगी पिसवांनी उंदरावरून आणलेले नव्हते, तर माणसाकडून माणसाला लागण झालेले होते. मग उघड्यावरची प्रार्थना आणि लांब लांब उभं राहणं अगदीच वाया गेलं नसणार. साध्या चर्चच्या वहीतून साडेतीनशे वर्षांनी केवढं शास्त्र निघालं! तुम्हाला गावच्या जुन्या वह्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी कुठे दिसल्या तर रद्दीत जाऊ देऊ नका.

बरं, हा रोग इतिहासजमाही झालेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि नंतर सुरतेत प्लेगचे रोगी सापडले. सुरतेहून लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. तुमच्या आईबाबांना ते दिवस आठवत असतील. आता प्रतिजैविकं आहेत, वेळेवर मिळाली तर रोगी बरा होतो. ईमकडे ती नव्हती.

आजचं ईम कसं आहे, ते सांगायचं राहिलंच.

मुख्य रस्त्यावरच्या काही जुन्या घरांपुढे पाट्या आहेत. या घरातले कोण कोण गेले आणि कोण उरलं, त्यांची नावं त्यांवर लिहिलेली. त्या घरांत आजही माणसं राहतात. खिडकीत फुलांच्या कुंड्या, आत दूरदर्शन संच आणि दारापुढे ती पाटी. १९९४ मध्ये गावाने एक संग्रहालय उघडलं. त्याच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा नाही, तर उंदीर आहे! शाळांच्या सहली येतात, मुलं तो उंदीर पाहून आधी हसतात आणि मग आत जातात.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी लोक ककलेट डेल्फच्या दरीत उघड्यावर प्रार्थनेला जमतात. त्याला प्लेग संडे म्हणतात. पण त्या आठवड्यात नुसता शोक नसतो बरं का. त्याच सुमारास गावचा उत्सवही असतो. मिरवणूक निघते, अख्खी मेंढी भाजतात आणि विहिरी सजवतात.

विहिरी सजवणं ही डर्बीशायरची खास प्रथा. एक मोठी लाकडी फळी घ्यायची, तिला खिळे ठोकायचे आणि दोन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवायची. मग तिच्यावर मिठाच्या पाण्यात मळलेल्या चिकणमातीचा थर द्यायचा. माती मळायला पायही चालतात, त्यामुळे मुलांना हे काम फार प्रिय! मातीवर चित्राचा कागद ठेवून टोचून टोचून रेघा उठवायच्या. रेघांवर बिया, काळी लहान फळं बसवायची आणि मधली जागा फुलांच्या पाकळ्या, पानं, शेवाळ यांनी भरायची. सगळं निसर्गातलंच, रंग-बिंग चालत नाही. पाकळ्या लावायच्या त्या खालून वर, कौलांसारख्या एकावर एक, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. आपल्या फुलांच्या रांगोळीसारखंच, पण उभं. आजी, शाळेतली मुलं, शेतकरी, दुकानदार असे सगळे पाळीपाळीने येऊन पाकळ्या लावतात. तीन-चार दिवस लागतात.

तयार झालेली फळी पाण्याच्या जागी उभी करतात. आठवडाभर ती टिकते. मग पाकळ्या तपकिरी पडतात, मातीला भेगा जातात. गावकरी फळी उतरवतात, माती खरवडतात, धुऊन वाळवतात आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत आत ठेवून देतात.